वशिला आणि हक्क

वस्तू थोडी, मागणारे पुष्कळ आणि कोणाला द्यायची हे ठरवणे एकाच्या हाती, अशी स्थिती आली की पक्षपाताला वाव मिळतो. ती वस्तू नोकरी असेल, घर असेल, सोयीच्या गावची बदली असेल किंवा वडिलोपार्जित जमीन असेल. ज्याला ती मिळाली त्याला का मिळाली, याचे उत्तर 'तो आपला माणूस आहे' एवढेच येत असेल, तर तो पक्षपात. लाचेत पैसा हात बदलतो; पक्षपातात तो बदलेलच असे नाही. नाते, जात, गाव, पक्ष, जुनी ओळख एवढ्यावर काम होते. त्यामुळे लाच घेताना सापडलेल्याला जी लाज वाटते ती भाच्याला नोकरीत चिकटवणाऱ्या मामाला वाटत नाही. उलट नातेवाइकांत त्याचा मान वाढतो. आपल्या माणसाच्या उपयोगी पडले नाही तर पद कशाला, ही समजूत घराघरांत आहे, आणि वशिल्याचे सगळे बळ त्या समजुतीत आहे.

मात्र प्रत्येक प्राधान्य अन्यायाचे नसते. त्र्यंबकेश्वराच्या रांगेत एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्याला किंवा तान्हे बाळ घेतलेल्या बाईला पुढे सोडले, तर मागचे कोणी कुरकुरत नाही. त्यांची अडचण सगळ्यांना दिसते आणि तशी अडचण उद्या कोणालाही येऊ शकते. कोणा पुढाऱ्याच्या पाहुण्यांना बाजूच्या दाराने आत नेले जाते, तेव्हा मात्र चार तास उन्हात उभ्या असलेल्या माणसाला ते लागते. पैसे भरून लवकर दर्शन, ही आणखी तिसरी गोष्ट. तिथे दर सर्वांना एकच असतो, पण गरिबाचा वेळ स्वस्त धरलेला असतो. त्र्यंबकेश्वराजवळच्याच नाशिकमध्ये 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षे नेटाने चालवला. त्या सत्याग्रहींना रांगेत पुढची जागा नको होती. रांगेत उभे राहण्याचा हक्क हवा होता. पक्षपाताचे सर्वांत जुने आणि सर्वांत क्रूर रूप हेच आहे: एका समूहाला मागणाऱ्यांतच न धरणे.

आरक्षणालाही अनेकदा पक्षपात म्हटले जाते, पण दोहोंची जात वेगळी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, त्या जाहीर हुकमाने. कोणासाठी, किती आणि का, हे त्यात लिहिलेले होते. आजचे आरक्षणही कायद्यात लिहिलेले असते, त्यावर विधिमंडळात चर्चा होते आणि न्यायालयात दाद मागता येते. वशिला कुठेच लिहिलेला नसतो. शाहू महाराजांपुढे जे प्रशासन होते, त्यात वरच्या जागा मोजक्या जातींकडे होत्या. तिथली न लिहिलेली पसंती मोडायची तर लिहिलेला नियमच लागत होता.

न लिहिलेली पसंती कशी चालते आणि ती मोडायला काय लागते, हे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांत चांगले दिसते. नाशिक जिल्ह्यात 15 तालुके आहेत. निफाड, सिन्नर किंवा नाशिक तालुक्यातली शाळा म्हणजे पक्का रस्ता, एसटी, मुलांसाठी शहरातले कॉलेज, घरी आजारी आईवडील असतील तर जवळ दवाखाना. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर इथल्या पाड्यांवरची शाळा म्हणजे पावसाळ्यात तुटणारी वाट आणि कित्येक ठिकाणी मोबाईलला रेंज नाही. दोन्हीकडचा पगार जवळपास सारखाच. साहजिकच दरवर्षी उन्हाळा आला की सभापती, सदस्य, आमदार यांच्या दारात शिफारशीच्या चिठ्ठ्यांसाठी गर्दी होई. ज्याची पोच वरपर्यंत, तो हमरस्त्यावरच्या गावी वर्षानुवर्षे राही. ज्याला कोणी नाही, तो घाटात दहा-पंधरा वर्षे काढी. सगळ्यांत जास्त नुकसान कोणाचे झाले असेल तर ते पाड्यावरच्या मुलांचे. त्यांच्या वाट्याला एक तर नाराजीने आलेला शिक्षक येई, नाही तर रिकामी जागा.

ग्रामविकास विभागाने 27 फेब्रुवारी 2017 रोजी शासन निर्णय काढून हे बदलायचे ठरवले. शाळांची 'सर्वसाधारण क्षेत्र' आणि 'अवघड क्षेत्र' अशी विभागणी झाली. शिक्षकांचे संवर्ग ठरले: गंभीर आजार, अपंगत्व, वैधव्य अशा कारणांचा एक, पती-पत्नी एकत्रीकरणाचा दुसरा, अवघड क्षेत्रात ठरावीक वर्षे काढलेल्यांचा तिसरा, आणि एका जागी पुष्कळ वर्षे राहिल्याने बदलीस पात्र झालेल्यांचा चौथा. मग संगणकाने क्रम लावून बदल्या करायला सुरुवात केली. घाटात नोकरी केलेल्याला खाली येण्याचा हक्क पहिल्यांदा कागदावर मिळाला. पहिल्या फेऱ्यांत गोंधळ झाले, न्यायालयात याचिका गेल्या, नियम पुन्हा सुधारावे लागले, आणि ज्यांची सद्दी संपली त्यांनी आरडाओरडही पुष्कळ केली.

पण वशिला मेला नाही. त्याने दार बदलले. पूर्वी चिठ्ठी आमदाराकडून यायची, आता प्रमाणपत्र डॉक्टरकडून येऊ लागले. संवर्ग एकमध्ये बसण्यासाठी आजाराचे किंवा अपंगत्वाचे खोटे दाखले, संवर्ग दोनसाठी पती-पत्नीच्या नोकरीच्या दोन गावांतले अंतर हवे तसे मोजून आणणे, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या आणि जिल्हा परिषदांना दाखल्यांची फेरतपासणी करावी लागली. तरी फरक मोठा आहे. चिठ्ठी कोणी दिली हे कधी सिद्ध होत नव्हते. खोटा दाखला फाईलमध्ये राहतो, त्यावर सही असते आणि ज्याचा हक्क गेला तो त्याकडे बोट दाखवू शकतो.

फाईलमध्ये राहिलेला कागद किती उशिरा बोलतो, याचे उदाहरणही नाशिकचेच आहे. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यातून काही जमिनींना सूट देताना तिथल्या इमारतींतली थोडी घरे शासनाकडे ठेवली जात. ती मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकार कोट्यातून वाटली जात. घर नसलेल्या, कमी उत्पन्नाच्या माणसासाठी ही सोय होती, पण निवड एका सहीवर होती. कॉलेज रोडसारख्या भागातली अशी घरे कमी उत्पन्न दाखवून मिळवल्याचा गुन्हा 1995 मध्ये नोंदला गेला. त्यात 20 फेब्रुवारी 2025 रोजी नाशिकच्या न्यायालयाने तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे आणि त्यांचे बंधू यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध अपील झाले आणि प्रकरण वरच्या न्यायालयांत गेले. शेवटचा निकाल काहीही असो, तक्रारीपासून पहिल्या निकालापर्यंत 30 वर्षे जाणे हे स्वेच्छाधिकाराच्या पद्धतीचेच अपयश आहे. त्या काळात किती खरे गरजू भाड्याच्या खोलीत म्हातारे झाले, याची नोंद कुठेच नसते. आज म्हाडा संगणकीय सोडत काढते, अर्जदारांची यादी आणि विजेत्यांची यादी प्रसिद्ध करते. सोडतीत नशीब आहे, पण कोणाची मर्जी नाही.

महाराष्ट्राचे दोन मुख्यमंत्री पक्षपाताच्या आरोपातच गेले. बॅ. अ. र. अंतुले यांच्या काळात सिमेंट टंचाईचे होते आणि वाटप सरकारच्या हाती होते. ज्या बिल्डरांनी त्यांच्या प्रतिष्ठानाला देणग्या दिल्या त्यांना सिमेंट मिळाले, या आरोपावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी 1982 मध्ये विरोधी निकाल दिला आणि अंतुले पायउतार झाले. 1986 मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना जावे लागले ते वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणावरून. परीक्षार्थी त्यांची मुलगी होती. पहिल्या प्रकरणात देणगीदार होते, दुसऱ्यात घरचे माणूस. लोकांना दुसरे जास्त झोंबले, कारण परीक्षा ही गरिबाच्या पोराची एकमेव शिडी असते.

या सगळ्याला लागू पडणारे कायद्याचे सूत्र एका हॉटेलच्या कंत्राटावरून आले. मुंबई विमानतळावर उपाहारगृह चालवण्यासाठी 1977 मध्ये निविदा निघाली. किमान पाच वर्षे अनुभवाची अट होती. ती पुरी न करणाऱ्यालाच काम मिळाले. रमण दयाराम शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये सांगितले की सरकारला खासगी मालकासारखे मनाला येईल त्याला देता येत नाही. आपणच घातलेली अट सरकारने पाळलीच पाहिजे, कारण ती अट वाचून घरी बसलेले लोकही होते. अर्ज न केलेल्या माणसावरही अन्याय होतो, हे या निकालाने दाखवून दिले. मात्र याचिका उशिरा आली, म्हणून ते कंत्राट रद्द झाले नाही.

बाजारात हाच प्रश्न शेतकऱ्याने अनुभवला आहे. पूर्वी शेतमालाचा भाव हत्ता पद्धतीने ठरे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवत. माल ज्याचा, तो शेजारी उभा असून त्याला काही कळत नसे. अडत्याने आपल्या नेहमीच्या व्यापाऱ्याला दोन पैसे सोडले का, हे विचारण्याची सोयच नव्हती. बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलाव आणला. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरसमोर व्यापारी मोठ्याने बोली लावतात, ती शेतकरी स्वतःच्या कानांनी ऐकतो. व्यापाऱ्यांनी आधीच आपसांत भाव ठरवून घेतला तर उघड लिलावही कुचकामी ठरतो, पण रुमाल गेला हे छोटे काम नव्हते.

खासगी नोकरीत मात्र रुमाल अजून आहे. ओळखीचा माणूस घेतला की भरवसा राहतो, असे मालक म्हणतात आणि छोट्या कारखान्यात त्यात तथ्यही असते. पण ओळखी जातीच्या आणि गावाच्या वर्तुळातच फिरतात. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आडनावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. बोलावणी पाठवणाऱ्या कंपनीला आपण पक्षपात केला असे वाटलेही नसेल.

घरातला पक्षपात तर कोणालाच पक्षपात वाटत नाही. मुलाला इंग्रजी शाळा आणि मुलीला गावची, मुलाच्या नावावर शेत आणि मुलीच्या लग्नाचा खर्च म्हणजे तिचा हिस्सा, हा हिशेब द्राक्षांच्या बागा पिकवणाऱ्या सधन घरांतही चालतो. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरवले. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत कित्येक गावांतल्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. ज्या चळवळीचा सगळा झगडा कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी होता, तिने स्वतःच्या घरातला अन्याय मांडला, हे मोठेच धैर्य होते. कायदाही हलला. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी तो वाटा बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले.

तरीही वडिलांचे दिवस होऊन वारसनोंद झाली की बहिणींना हक्कसोडीसाठी बोलावणे येते. माहेर तुटेल या भीतीने त्या सही करतात. वडिलोपार्जित हिस्सा भावाला विनामोबदला सोडण्याच्या दस्ताला राज्यात 500 रुपये मुद्रांक शुल्क पुरते. कायद्याने ही सही सक्तीची नाही. ती न केल्याने वारसनोंद अडत नाही, आणि फेरफाराची नोटीस निघाल्यापासून 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत घेता येते. सही करण्याआधी प्रत्येक बहिणीने सातबारा स्वतः वाचावा, आणि भावांनी तो तिच्या हाती द्यावा.