अग्रलेखाचा सिनेमा करणारा माणूस

दुसऱ्यांच्या सिनेमांची पेपरात चिरफाड करायची आणि त्याच लेखणीनं स्वतः सिनेमे लिहायचे, हे एका माणसाला जमावं कसं? ख्वाजा अहमद अब्बास यांना जमलं, आणि तेही उभा जन्म.

जन्म 1914चा, पानिपतचा. अलीगढला शिकून ते मुंबईत आले, ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये बातमीदारी आणि चित्रपट समीक्षा करू लागले. गांधीजी सिनेमाला जुगाराच्या पंक्तीला बसवत. त्यावर 1939 मध्ये अब्बास यांनी बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’तून खुद्द गांधीजींनाच अनावृत पत्र लिहिलं: या माध्यमाला असं झिडकारू नका. वय अवघं पंचवीस! दोन वर्षांनी त्यांच्या कथेवर ‘नया संसार’ आला. नायक अर्थातच पत्रकार.

पण खरी कमाल ‘आवारा’ची (1951). चोराचा मुलगा चोरच निघणार, या ठाम समजुतीपायी न्यायाधीश रघुनाथ निरपराध जग्गाला शिक्षा देतो. जग्गा सूड उगवतो तो असा, की न्यायाधीशाच्याच पोटच्या पोराला चोर बनवतो. पुढे ते पोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं, आणि वकील रीता उलटतपासणी घेतेय ती खुद्द रघुनाथची! माणूस रक्तानं घडतो की परिस्थितीनं? अग्रलेखात हा प्रश्न चार परिच्छेदांत आटोपला असता. इथे अब्बास यांनी न्यायाधीशाचं घरच पणाला लावलं. शिवाय बाप-लेकाच्या भूमिकांत खरेच बाप-लेक हवेत, हा हट्ट. मेहबूब खान यांना दुसरे नट हवे होते, तर कथा परत घेतली आणि ती राज कपूरकडे गेली. सहलेखक होते व्ही. पी. साठे. हे नाव आपण मराठी माणसांनीही फारसं जपलेलं नाही.

सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर शांतारामबापूंनी काढलेला चित्रपटही अब्बास यांच्याच पुस्तकावरचा. आणि हे सगळं चालू असताना ‘लास्ट पेज’ हे सदर चार दशकांहून अधिक काळ, 1987 मध्ये डोळे मिटेपर्यंत सुरूच! गंमत म्हणजे राज कपूरसाठी लिहिलेलं बरंचसं धो धो चाललं. स्वतः काढलेले चित्रपट मात्र बहुतेक आपटले.

तरी ‘सात हिंदुस्तानी’ (1969) चुकवू नये. गोवामुक्तीची कथा. यात बंगाली उत्पल दत्त पंजाबी झालेत, मल्याळी मधू बंगाली, आणि जलाल आगा चक्क मराठी शाहीर. प्रांताभिमानावर लेख लिहिण्याऐवजी त्यांनी पात्रयोजनेतूनच उत्तर दिलं! लोक हा चित्रपट अमिताभचा पहिला म्हणून बघतात. तुम्ही जलाल आगाच्या त्या शाहिरासाठी बघा.