पाडायचे, तर आधी पर्याय द्या

जर्मनीत चॅन्सेलरविरुद्ध, म्हणजे सरकारप्रमुखाविरुद्ध, नुसता अविश्वास ठराव आणता येत नाही. १९४९ च्या राज्यघटनेचे कलम ६७ सांगते, की बुंडेस्टागने, म्हणजे संसदेने, त्याच ठरावात बहुमताने नवा चॅन्सेलर निवडायला हवा. पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार प्रजासत्ताकात सरकार पाडायला टोकाचे विरोधक एकत्र येत, राज्य चालवायला मात्र कोणीच नसे. त्या अनुभवातून ही तरतूद आली.

२७ एप्रिल १९७२ रोजी चॅन्सेलर विली ब्रांट यांच्याविरुद्ध विरोधी पक्षाचे राइनर बार्त्सेल उभे राहिले. २४९ मते हवी होती, २४७ मिळाली. १९८२ मध्ये फ्री डेमोक्रॅट या छोट्या पक्षाने तेव्हाचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांची साथ सोडली आणि १ ऑक्टोबरला हेल्मुट कोल २५६ मते मिळवून चॅन्सेलर झाले. मध्ये एक दिवसाचीही पोकळी नाही.

आपल्याकडे अशी अट नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने विश्वासदर्शक ठराव हरले. त्यांना हरवणाऱ्या पक्षांना पर्यायी सरकार मात्र बनवता आले नाही. लोकसभा विसर्जित झाली, नवे सरकार ऑक्टोबरात आले. त्या दरम्यान कारगिलचे युद्ध काळजीवाहू सरकारलाच लढावे लागले.