थायलंडमधील दीर्घ वास्तव्य
थायलंडसारख्या उष्णकटिबंधीय देशात बिऱ्हाड थाटण्याची उत्कंठा ज्यांना आहे, त्यांनी तेथील कायदेकानू आधी अवश्य जाणून घ्यावेत. १९७९ च्या कायद्यान्वये परकीय पाहुणा राहावयास आल्याची वर्दी घरमालकाने २४ तासांत सरकारदरबारी द्यावयाची असते. शिवाय सलग ९० दिवसांहून अधिक मुक्काम करणाऱ्याने दर ९० दिवसांनी आपल्या पत्त्याची नोंद करावयाची असते. परंतु माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब निराळीच: पुनःप्रवेशाचा परवाना न घेता शेजारच्या लाओसमध्ये दोन दिवस जरी जाऊन आलात, तरी वास्तव्याची उर्वरित मुदत रद्द होते आणि दाखल्यांचा सारा खटाटोप पुन्हा प्रारंभापासून करावा लागतो. कायद्यांप्रमाणेच हवामानाचाही विचार करावा: उत्तरेकडील चिआंग माईचा हिवाळा खरोखर आल्हाददायक. मात्र फेब्रुवारी ते एप्रिल शेते जाळल्याच्या व वणव्यांच्या धुराने तेथील हवा कोंदते, म्हणून त्या काळात दक्षिणेचा समुद्रकिनारा गाठणेच श्रेयस्कर.