टोपणनावाला वेगळं घर नसतं

लिनक्स सर्व्हरवर इन्फो, अकाउंट्स, सपोर्ट असे पत्ते हवे झाले की नवखा अ‍ॅडमिन तीन नवे युजर तयार करतो आणि मग तीन पासवर्ड सांभाळत बसतो. हा सगळा उपद्व्याप होतो तो 'एलियास म्हणजे वेगळा मेलबॉक्स' या समजापायी. एलियास हे निव्वळ टोपणनाव आहे. घरात बंड्या, शाळेच्या पटावर भालचंद्र. जेवायला पान एकच.

ही टोपणनावं '/ईटीसी/एलियासेस' या साध्या फाइलमध्ये असतात. डावीकडे टोपणनाव, मग कोलन, उजवीकडे खरा युजर. पत्र दोघांना जायला हवं असेल तर स्वल्पविराम देऊन दुसरं नाव. फाइल सेव्ह केली की झालं, असं वाटतं. होत नाही! एरिक ऑलमन यांनी बर्कलीत लिहिलेला सेंडमेल काय किंवा वीत्से वेनेमा यांचा पोस्टफिक्स काय, नेहमीच्या मांडणीत हे दोन्ही मेल सर्व्हर ही फाइल वाचतच नाहीत. ते वाचतात तिच्यापासून बनवलेला डेटाबेस, आणि तो 'न्यूएलियासेस' ही कमांड दिल्याशिवाय बदलत नाही. टायपिंगची चूक शोधण्यात कित्येकांची दुपार जाते. चूक नसतेच, कमांड राहिलेली असते. डेबियनवरचा एक्झिम मात्र थेट फाइलच वाचतो, त्यामुळे तिथून आलेला माणूस पोस्टफिक्सवर हमखास अडखळतो.

एकाच सर्व्हरवर दोन डोमेन असली की खरी गंमत. पोस्टफिक्समध्ये या फाइलच्या डाव्या बाजूला डोमेन लिहिताच येत नाही. दोन्ही डोमेन स्थानिक म्हणून नोंदवलेली असतील, तर दोन्हीकडच्या 'इन्फो'ची पत्रं एकाच माणसाच्या पदरात पडतात. ती वेगळी करायला 'व्हर्च्युअल' तक्ता लागतो, आणि त्याची कमांडही निराळी: पोस्टमॅप.

एलियास निरुपद्रवी असतो, हेही खरं नाही. उजवीकडे माणसाऐवजी प्रोग्रामही देता येतो. जुन्या युनिक्स यंत्रांवर 'डीकोड' नावाचा एलियास तयारच मिळे. आलेलं पत्र तो थेट मजकुरातून फाइल बनवणाऱ्या यूयूडीकोड या प्रोग्रामच्या हाती देई. बाहेरचा माणूस नुसतं पत्र पाठवून यंत्रावर फाइल लिहू शके. पुढे ती ओळ काढून टाकण्याचा सल्ला सुरक्षेच्या याद्यांत असे.

'रूट'च्या नावाची पत्रं मात्र कुणा हाडामांसाच्या माणसाकडे वळवायलाच हवीत. क्रॉनच्या रात्रीच्या कामांच्या तक्रारी तिथेच येतात आणि महिनोन्‌महिने न वाचता साचतात. तीच गत 'पोस्टमास्टर'ची. हा पत्ता चालू असणं ईमेलच्या मानकानुसार, म्हणजे आरएफसी 5321 नुसार, बंधनकारक आहे.

पत्रं जीमेलसारख्या बाहेरच्या खात्यावर वळवली की आणखी एक पेच. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मूळचंच राहतं, पण पत्र येतं तुमच्या सर्व्हरवरून. समोरचा एसपीएफ, म्हणजे पाठवणाऱ्याच्या डोमेनने मान्य केलेल्या सर्व्हरांची यादी, तपासतो, तुमचा सर्व्हर तीत नसतो, आणि चांगलं पत्र स्पॅममध्ये जाऊ शकतं.

शिवाय एलियास फक्त येणाऱ्या पत्रांपुरता. 'इन्फो'वर आलेल्या पत्राला उत्तर दिलं तर ते आपल्या खऱ्या पत्त्यावरूनच जातं. 'फ्रॉम'मध्ये टोपणनाव दिसायला हवं असेल, तर ते मेल प्रोग्रामात वेगळं भरावं लागतं.