रिपोर्ट आला, मग पुन्हा तपासणी कशाला?

गालाच्या आतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला. रिपोर्टमध्ये लिहून आलं : ‘स्पिंडल सेल ट्यूमर, आयएचसी करावी.’ डॉक्टर म्हणतात, अजून एक तपासणी हवी, पैसे लागतील. घरात कुजबुज सुरू होते : हे पैसे उकळायचे धंदे तर नाहीत ना? काही घरं इथंच थांबतात आणि आजार पुढं जातो.

शंका घ्यावी. कालामांना तथागतांनी तेच सांगितलं. पण शंका घेतली की तपासूनही पाहावं. ही तपासणी नेमकं तेच करते.

कॅन्सर हा एकच आजार नाही. तोंड, फुप्फुस, मूत्राशय अशा अवयवांच्या अस्तरात सुरू होतो तो कार्सिनोमा. स्नायू, चरबी, हाड यांत सुरू होतो तो सार्कोमा. दोघांचे उपचार वेगळे. पण काही कार्सिनोमांच्या पेशी रूप बदलतात. सूत कातायच्या चातीसारख्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या होतात आणि हुबेहूब सार्कोमासारख्या दिसतात. याला सार्कोमाटॉइड कार्सिनोमा म्हणतात. नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगात पाहून अनुभवी डॉक्टरलाही खात्री देता येत नाही.

पेशीचं रूप बदललं तरी तिच्या आतली काही प्रथिनं तिचं मूळ सांगतात. आयएचसीमध्ये त्या त्या प्रथिनालाच चिकटणारी प्रतिद्रव्यं तुकड्याच्या पातळ कापावर टाकतात. प्रथिन असेल तिथं बहुधा तपकिरी रंग उमटतो. सायटोकेराटिन हे आपल्या केसा-नखांतल्या केराटिनच्या कुळातलं. ते सापडलं तर कार्सिनोमाकडे बोट जातं. तोंडाच्या गाठीत पी-६३ आणि पी-४० हेही पाहतात. डेस्मिन स्नायूच्या गाठीकडे, तर एस-१०० आणि सॉक्स-१० मेलानोमाकडे, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरकडे निर्देश करतात. व्हायमेंटिन मात्र यांतल्या अनेकांत उमटतं, त्यामुळे एकट्या त्यावरून निकाल लागत नाही. कधी केराटिनही एखाद्याच कोपऱ्यात फिकट दिसतं. म्हणून एक नव्हे, अनेक रंग लावावे लागतात आणि गाठ कुठं आहे, कशी वाढली, हेही सोबत पाहावं लागतं.

या तपासणीसाठी बहुतेक वेळा नवा तुकडा काढावा लागत नाही. पहिलाच तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात.

एवढं लक्षात ठेवा :

• दुसऱ्या दवाखान्यात जाताना रिपोर्टसोबत ब्लॉक आणि काचपट्ट्या (स्लाइड) मागून घ्या. ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.

• खर्च झेपत नसेल तर तपासणी सोडू नका. सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. काय बसतं, काय नाही, ते स्पष्ट विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

• डॉक्टरांना विचारा : ‘गाठीचं मूळ नक्की झालं का? त्यावरून उपचार काय बदलेल?’ हे विचारणं आपला हक्क आहे.

• तोंडातली जखम किंवा गाठ २ आठवड्यांत बरी झाली नाही, तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. आधी दाखवून घ्या आणि तंबाखू-गुटख्याची पुडी आजच टाकून द्या.