कुमानो कोदो : देवडोंगरातून जाणारी जपानी यात्रावाट

जपानच्या होन्शू बेटावर ओसाका आणि नारा या शहरांच्या दक्षिणेला की नावाचे द्वीपकल्प आहे. त्याचा बहुतेक भाग डोंगराळ. शिखरे दोन हजार मीटरच्या आतलीच, पण दऱ्या अरुंद आणि खोल, आणि पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग इथेच अडत असल्याने पाऊस अफाट. पूर्व किनाऱ्यावरच्या ओवासे गावात वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडचा, समुद्राला भिडलेला प्रदेश म्हणजे कुमानो. तिथल्या तीन देवस्थानांकडे डोंगर-दऱ्यांतून जाणाऱ्या जुन्या वाटांच्या जाळ्याला कुमानो कोदो म्हणतात.

होंगू ताइशा, हायातामा ताइशा आणि नाची ताइशा ही ती तीन देवस्थाने. तिन्ही शिंतो परंपरेची. डोंगर, कातळ, नदी, धबधबा यांतच देव पाहणारी ही परंपरा. जपानमध्ये बौद्ध धर्म रुजल्यावर मात्र इथल्या देवतांकडे बुद्ध-बोधिसत्त्वांची रूपे म्हणून पाहिले जाऊ लागले. होंगूचा देव अमिताभ, हायातामाचा भैषज्यगुरू आणि नाचीची देवता सहस्रभुज अवलोकितेश्वर मानली गेली. हायातामाच्या दर्शनाने गतजन्मीची पापे धुतली जातात, नाचीला या जन्मीचे कल्याण लाभते आणि होंगूला पुढच्या जन्मीची सद्गती, अशी श्रद्धा त्यातून घडली. दोन धर्म इतके एकजीव झाले की पुढे सरकारी हुकमानेही ते पुरते वेगळे करता आले नाहीत.

निवृत्त सम्राट उदा ९०७ मध्ये कुमानोला आल्याची नोंद आहे. यात्रेला खरा बहर आला तो अकराव्या शतकाच्या अखेरीपासून. सम्राट तोबा २१ वेळा, गो-शिराकावा तीसहून अधिक वेळा आणि गो-तोबा २८ वेळा इथे आले. क्योतोहून जाऊन-येऊन अंतर सुमारे ६०० किलोमीटर होते, आणि महिनाभराचा हा प्रवास मुख्यतः पायीच होई. निघण्याआधी व्रतस्थ राहायचे, वाटेत नदीत स्नान करायचे, सेन्दात्सू म्हणजे वाटाड्या तपस्वी सांगेल तसे विधी करायचे. वाटेवर ओजी नावाची छोटी उपदेवळे होती. त्यांना नव्याण्णव ओजी म्हणत. तिथे प्रार्थना, विश्रांती, कधी नृत्य आणि कविसंमेलनही होई. १२०१ मध्ये गो-तोबांसोबत आलेला कवी फुजिवारा नो तेइका याची रोजनिशी उपलब्ध आहे. पाऊस, थकवा आणि आजारपण यांनी बेजार झालेला हा दरबारी माणूस तिच्या पानापानांत भेटतो.

१२२१ मध्ये गो-तोबांचा कामाकुराच्या लष्करी सत्तेपुढे पराभव झाला आणि राजयात्रा ओसरल्या. त्यांची जागा सामुराई आणि पुढे सामान्य लोकांनी घेतली. वाटेवर इतकी गर्दी होऊ लागली की ‘मुंग्यांची कुमानो यात्रा’ हा वाक्प्रचारच रूढ झाला. कुमानोचे मोठेपण या गर्दीत दिसते. गरीब-श्रीमंत, आंधळे-पांगळे, कुष्ठरोगी, सर्वांना इथे प्रवेश होता. याच पर्वतरांगेतल्या कोयासानवर शतकानुशतके स्त्रियांना बंदी होती आणि ओमिने भागातल्या सांजोगाताके शिखरावर ती अजूनही पाळली जाते. कुमानोने मात्र स्त्रियांना अडवले नाही. कवयित्री इझुमी शिकिबूची कथा प्रसिद्ध आहे. होंगू दृष्टिपथात आले असतानाच तिला पाळी आली आणि आपण अपवित्र झालो म्हणून ती थांबली. तेव्हा देवानेच स्वप्नात येऊन तिला दर्शनाला बोलावले. कथा खरी असो वा नसो, ती गावोगाव सांगितली गेली. चित्रे दाखवत कुमानोचा महिमा सांगत फिरणाऱ्या भिक्षुणींनी हजारो बायका या वाटेकडे वळवल्या.

वाटा अनेक आहेत. इसेच्या महामंदिराकडून येणारी इसेजी पूर्व किनाऱ्याने येते. मुसळधार पावसात माती वाहून जाऊ नये म्हणून तिच्या खिंडी दगडांनी फरसबंद केलेल्या आहेत. ओहेची दक्षिण किनाऱ्याने जाते. कोयासानहून निघणारी कोहेची सुमारे ७० किलोमीटरची, हजार मीटरहून उंच तीन खिंडी ओलांडणारी. योशिनोकडून कड्याकड्याने येणारी ओमिने ओकुगाके ही तर शुगेन्दो पंथाच्या यामाबुशी तपस्व्यांची साधनावाट. राजयात्रा जायच्या त्या नाकाहेचीने, आणि आजही सर्वाधिक लोक तिनेच चालतात.

पश्चिम किनाऱ्यावरच्या तानाबे शहरातून बसने ताकिजिरी ओजीला पोहोचता येते. देवाच्या प्रदेशाची सीमा इथून सुरू होते असे मानत. देवळामागून लगेच खडा चढ लागतो. थोड्या अंतरावर कातळांतली अंगचोर फट आहे. तिच्यातून सरपटत पलीकडे जाणे हा पुनर्जन्म समजला जातो. शेजारच्या दगडाची गोष्ट अशी : यात्रेला निघालेली एका सरदाराची बायको इथे बाळंत झाली, मूल मागे ठेवून पुढे गेली, आणि ती परतेपर्यंत दगडातून झिरपणाऱ्या दुधावर ते जगले, लांडग्यांनी त्याची राखण केली. पुढे ताकाहारा हे डोंगरधारेवरचे गाव येते. तिथे भातखाचरांच्या पायऱ्या आहेत आणि पहाटे खालच्या दरीत धुके भरून राहते. त्यापुढे चिकात्सुयू, आणि मग त्सुगिझाकुरा ओजी.

वाटेवरच्या जंगलाविषयी स्पष्ट सांगायला हवे. आज दिसणारी बरीचशी झाडी सुगी आणि हिनोकी या सरळसोट सूचिपर्णी वृक्षांची लागवड आहे, आणि तिचा मोठा भाग दुसऱ्या महायुद्धानंतरचा. खरी जुनी झाडे देवळांभोवतीच उरली आहेत, आपल्याकडे देवरायांमध्ये उरली तशी. तीही जाणारच होती. १९०६ मध्ये सरकारने छोटी देवळे एकत्र करण्याचा आदेश काढला. देऊळ मोडले की त्याची झाडे लाकडासाठी मोकळी होत. या आदेशाविरुद्ध तानाबेचे निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसू (१८६७–१९४१) उभे राहिले. त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अभ्यास केला होता, ‘नेचर’ नियतकालिकात लेखन केले होते आणि नाचीच्या जंगलात श्लेष्मबुरशी, शेवाळ, कवके गोळा केली होती. देऊळ गेले की झाडी जाते, झाडीबरोबर जीवसृष्टी जाते आणि गावाचे एकत्र येण्याचे ठिकाणही जाते, अशी त्यांची मांडणी होती. पर्यावरणाचा विचार जपानी भाषेत इतक्या समग्रपणे मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना होते. १९१० मध्ये एका सभेत जबरदस्तीने घुसल्यावरून त्यांना अटकही झाली. त्सुगिझाकुराच्या देवळाभोवतीचे प्रचंड सुगी त्यांच्या प्रयत्नांमुळे कुऱ्हाडीतून वाचले. त्यांच्या फांद्या एकाच दिशेला, दक्षिणेला नाचीकडे, वळलेल्या आहेत.

होश्शिनमोन ओजी हे होंगूच्या पवित्र परिसराचे प्रवेशद्वार. तिथून होंगू सात किलोमीटरवर. वाटेत फुशिओगामी ओजीहून होंगूचे पहिले दर्शन होते आणि यात्रेकरू तिथेच गुडघे टेकत. ताकिजिरीपासून ही चाल सुमारे ४० किलोमीटरची, सहसा दोन दिवसांची.

होंगूचे मंदिर पूर्वी नदीसंगमावरच्या ओयुनोहारा या वाळूच्या बेटावर होते. १८८९ च्या महापुरात ते उद्ध्वस्त झाले. वरच्या अंगाला झालेली जंगलतोड हे त्यामागचे एक कारण मानले जाते. वाचलेल्या वास्तू १८९१ मध्ये टेकडीवर नेण्यात आल्या. आज १५८ पायऱ्या चढून तिथे जावे लागते. मूळ जागेपाशी २००० मध्ये सुमारे ३४ मीटर उंचीची तोरी, म्हणजे शिंतो प्रवेशकमान, उभारली गेली. मंदिराच्या ध्वजांवर तीन पायांचा कावळा दिसतो. हा यातागारासू. पुराणकथेत त्याने पहिल्या सम्राटाला डोंगरांतून वाट दाखवली. आता तो जपानच्या फुटबॉल संघाच्या बोधचिन्हावरही आहे. जवळच्या युनोमिने गावात त्सुबोयू हे ओढ्याकाठचे गरम पाण्याचे चिमुकले स्नानगृह आहे. दर्शनाआधी इथे स्नान करण्याची प्रथा होती, आणि या स्नानगृहालाही जागतिक वारशात स्थान आहे.

होंगूहून हायातामाला यात्रेकरू नावेने जात, म्हणून कुमानो नदीचीही यात्रामार्ग म्हणून जागतिक वारशात नोंद आहे. शिंगू शहरात हायातामाजवळ कामिकुरा डोंगरावर गोतोबिकी नावाची शिळा आहे. देव प्रथम इथे उतरले अशी श्रद्धा आहे. ६ फेब्रुवारीच्या रात्री पांढऱ्या वेशातले पुरुष पेटत्या मशाली घेऊन तिथल्या ५३८ उभ्या पायऱ्या धावत उतरतात.

होंगूहून डोंगरातून नाचीला जाताना दोन टप्पे लागतात. दुसरा, ओगुमोतोरी, सर्वांत कठीण. एका दिवसात सुमारे साडेचौदा किलोमीटर चालायचे आणि सुरुवातीलाच आठशे मीटरची चढण. तेइकाची सर्वांत बिकट अवस्था याच टप्प्यात झाली. फुनामी खिंडीतून अखेर समुद्र दिसतो. नाचीचा धबधबा १३३ मीटर उंच. त्याच्यासमोर तोरी आहे, पण मूर्ती किंवा गाभारा नाही. धबधबा हाच देव. त्याच्याजवळ शिंतो मंदिर आणि सेइगान्तोजी हे बौद्ध मंदिर शेजारी शेजारी आहेत. १८६८ च्या धर्मविभाजनाच्या आदेशानंतर इथले बौद्ध पूजास्थान बंद पडले होते, पण काही वर्षांतच ते पुन्हा उभे राहिले. सेइगान्तोजीची आख्यायिका सांगते की भारतातून समुद्रमार्गे वाहत आलेल्या एका भिक्षूने त्याची स्थापना केली. अजिंठा आणि कान्हेरीच्या लेण्यांत संकटात सापडलेल्या प्रवाशांना तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे, त्याचेच हे सुदूर स्थान. त्याचे निवासस्थान पोतलक दक्षिण भारतात असल्याचे बौद्ध परंपरा मानते. ते गाठण्यासाठी नाचीच्या किनाऱ्यावरून काही भिक्षू बंद नावेत बसून समुद्रात जात आणि परत येत नसत.

२००४ मध्ये युनेस्कोने की पर्वतरांगेतील पवित्र स्थळे आणि यात्रामार्ग जागतिक वारसा यादीत घेतले. स्पेनमधील सांतियागोच्या मार्गाशी कुमानोचे सख्य जुळले असून दोन्ही यात्रा करणाऱ्यांची संयुक्त नोंद होते. नाकाहेचीवर दर ५०० मीटरला क्रमांकित खांब आहेत आणि ओजींपाशी शिक्के ठेवलेले असतात. मुक्काम घरगुती मिन्शुकूंमध्ये होतो. त्यांची संख्या कमी असल्याने जागा आधीच राखून ठेवावी लागते. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा चालण्याचा काळ. जून-जुलैत पाऊस संततधार, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुफाने येतात. २०११ च्या सप्टेंबरमधील तुफानात दरडी कोसळून वाटेचे मोठे नुकसान झाले होते, त्यामुळे निघण्यापूर्वी तानाबेच्या पर्यटन कार्यालयात त्या दिवशीची मार्गस्थिती विचारून घेणे आवश्यक ठरते.