पाठीवरचा हात

मडग्याळ मेंढरू लांबूनही ओळखू येतं. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, लोंबते कान, उंच पाय, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात मडग्याळ नावाचं गाव आहे, त्यावरून या जातीचं नाव पडलं. आमच्या भागात पूर्वी काळी दख्खनी मेंढरं जास्त असत. वर्षातून दोनदा त्यांची लोकर कातरायची, सनगर घोंगडी विणायचे, आणि वाडा रानात बसवला की लेंडीखताच्या बदल्यात धान्य मिळायचं. आता लोकरीत कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही. मडग्याळला लोकर नावापुरतीच, पण कोकरू तीन महिन्यांत 18-20 किलो भरतं. पैसा मटणात आहे, म्हणून आमच्या अडीच एकरांतही हीच जात आली.

मेंढी साधारण पाच महिन्यांत विते, बहुधा एकच कोकरू. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळं देणारा गुण दख्खनीत उतरवून ‘सुवर्णा’ तयार केली. काम मोठं आहे. पण जुळं त्यानंच मागावं, ज्याच्या मेंढीच्या कासेत दोघांपुरतं दूध आणि ज्याच्या बांधावर तेवढा पाला आहे. आमच्याकडे मार्चनंतर दोन्हींची वानवा असते.

कार्तिक-मार्गशीर्षात कोकरं होतात. नाळेला आयोडीन लावायचं, पहिल्या तासाभरात चीक पोटात जाईल हे बघायचं, आणि मग पुढचे महिने नुसतं खाणं. शेवरीचा पाला, तुरीचं भुसकट, मक्याचा भरडा. गाईच्या खनिज मिश्रणाची पिशवी उरली म्हणून ती मेंढरांना घालू नये. तांबं त्यांना सोसत नाही, काळजात साठत जातं आणि एक दिवस जनावर पडतं. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी लागते. हा रोग मोठा विचित्र. रोडकं कोकरू वाचतं आणि कळपातलं सगळ्यात गुबगुबीत, सगळ्यात खादाड रातोरात मरतं. पहिल्या पावसाचं कोवळं गवत किंवा अचानक वाढवलेला भरडा आतड्यातल्या जंतूंना मानवतो, आणि त्यांचं विष खाणाऱ्यालाच मारतं.

रोजचं खरं काम मात्र हाताचं आहे. डोळा फसतो. केस दाट असले की हाडं झाकतात, पोट पाण्यानं फुगलेलं असलं तर जनावर भरलेलं दिसतं. बाजारात नेण्याआधी मीठ चारून पाणी पाजणारे महाभाग आहेतच. म्हणून शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर हात ठेवायचा. अंगठा मणक्याच्या एका अंगाला, बोटं दुसऱ्या. आडव्या हाडांची टोकं टोचली तर जनावर उपाशी. दाबूनही सापडली नाहीत तर चरबी चढलीय. टोकं लागावीत पण गोलसर लागावीत, तेव्हा विकायला हरकत नाही. बाजारातला व्यापारीही हेच करतो. कमरेत हात घालतो, मागचा भाग जरा उचलतो आणि मनात किलो धरतो. मग दुसऱ्या व्यापाऱ्याशी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. काटा जवळच असतो, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही.

बहुतेक कोकरं बाजाराला जातात. एक-दोन घरच्या आखाडाला ठेवतो.

कापायच्या आदल्या संध्याकाळपासून चारा बंद, पाणी चालू. पोट हलकं असलं की आतडी फाटायची भीती कमी. आणि जनावर शांत हवं. याला दयेइतकंच रोकडं कारण आहे. पळालेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपून जाते, मग कापल्यावर मांसात आम्ल तयार होत नाही आणि मटण काळपट, चिकट राहतं. कत्तलखान्यांसाठीच्या 2001 च्या केंद्रीय नियमांत एका जनावरादेखत दुसरं कापू नये असं लिहिलंय. आमच्या गोठ्यामागे तो नियम वाचून कुणी आलेलं नाही, तरी आडोसा आधीपासून आहे. कोकराला न्यायला मीच जातो. मी आलो की ते दोरीशिवाय मागे येतं, कारण आजवर या हातानं फक्त भरडा आणला. त्याच्या भरवशाचाच उपयोग करून त्याला न्यायचं, हे मला कधी पटलेलं नाही. पण ओढत नेण्यापेक्षा ते बरं, हेही ठाऊक आहे.

सुरी मुलाणीचाचांची. आमच्याकडे हिंदू घरातलं बकरंही मुलाणीच कापतो, आणि त्याचा वाटा ठरलेला असतो. चाचा नखावर धार बघतात. जनावर डाव्या कुशीवर, पुटपुटणं, आणि एकच ओढ. श्वासनळी, अन्ननळी, दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या. मान तोडत नाहीत. त्यानंतर पाय झाडणं थांबेपर्यंत ते कुणाला हात लावू देत नाहीत. घाईत सोलायला बसणाऱ्याला त्यांनी माझ्यादेखत उठवलंय.

सोलण्यात सुरीचं काम थोडं. मागच्या पायाशी चीर देऊन कातडं सुटं केलं, की पुढे मूठ. कातडं आणि मांस यांच्यामध्ये मूठ दाबत न्यायची, मग ते सुटत येतं. सुरी चालवली तर कातड्याला भोकं पडतात. एक हात केसांचा, एक मांसाचा, आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. मेंढीच्या केसांचा तेलकट वास मटणाला लागला की रश्शातही जात नाही. काळजाला चिकटलेली पित्ताची पिशवी चाचा श्वास रोखून काढतात. ती फुटली तर काळीज कडू. वजडी बायकांकडे जाते. गरम पाणी ओतून खरवडत बसायचं, दिवसातलं सगळ्यात लांब काम तेच, आणि त्याचं कौतुक सगळ्यात कमी. मुंडी आणि पाय जाळावर. कातडं पूर्वी विकलं जायचं, आता घ्यायला कुणी येत नाही.

या वेळचं कोकरू 34 किलो होतं. टांगलेलं मटण साडेसोळा भरलं, म्हणजे निम्म्याला जरा कमी. चाचांनी पोटात हात घालून गुर्दे बाहेर घेतले. गुर्दे दिसतच नव्हते, सगळी पांढरी चरबी.

“बापू, कमरेला हात लावला होतास का?”

“लावला होता. टोकं लागत होती.”

“बाहेरून लागणारच. मेंढरू आधी आत भरतं, मग पाठीवर. शेवटचा महिना मका निम्मा कर, पाला वाढव. एवढी चरबी कोण खाणार?”

बायकोनं ऐकलं. भरड्याचं माप तिच्याकडे असतं. वाटे पडेपर्यंत ती आणि चाचा शेवरी आणि मक्यावर बोलत होते, आणि मला फक्त काटा धरायला सांगितलं.